अँड्र्यूजला विकायचं का? बाल्टिमोरच्या टाइट एंडांचा हिशेब



बॅकअप स्टाफवरच्या व्हिडिओत मी बोलता बोलता 'टाइट एंड' हा शब्द वापरला आणि पुढे निघून गेलो. दोन दिवसांनी एक विद्यार्थी दुकानात आला आणि म्हणाला, "सर, ते टाइट एंड म्हणजे टाइट बजेटसारखं काही आहे का?" चूक माझी. न समजावता शब्द फेकला. म्हणून आजचा अख्खा लेख फुटबॉलवर, तोही अमेरिकन, म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा तो. खेळात रस नसेल तरी वाचा, कारण मला एक मत मांडायचंय आणि ते माणसं ठेवण्या-सोडण्याबद्दल आहे.

माझा मावसभाऊ मेरीलँडमध्ये नोकरी करतो. त्याच्या नादाने मला बाल्टिमोर रेव्हन्स या संघाचं वेड लागलं. 20 जानेवारी 2025, सोमवार, पहाटेचे पाच. आमच्याकडे साताऱ्यात सगळे झोपलेले आणि मी लॅपटॉपसमोर चहा घेऊन. तिकडे बफेलोमध्ये रविवारची कडाक्याच्या थंडीतली संध्याकाळ. हरेल तो घरी, असा सामना.

चौथ्या क्वार्टरमध्ये रेव्हन्स 19-24 ने मागे. मार्क अँड्र्यूजने चेंडू झेलला, पळायला लागला, आणि बफेलोच्या खेळाडूने तो त्याच्या हातातून उडवला. त्यावर बफेलोने 3 गुण केले. मग दीड मिनिट उरलं असताना आयझेया लाइकलीने 24 यार्डांचा टचडाउन झेल घेतला आणि स्कोअर झाला 25-27. आता बरोबरीसाठी दोन गुणांचा एकच प्रयत्न. चेंडू पुन्हा अँड्र्यूजकडे. माणूस मोकळा होता. चेंडू हाताला लागला आणि निसटला. सीझन संपला.

लाइकली आणि अँड्र्यूज दोघेही टाइट एंड. दुसऱ्या नंबरच्या माणसाने संघाला दारापर्यंत आणलं आणि पहिल्या नंबरच्या माणसाच्या हातून किल्ली पडली. सकाळी आठ वाजता मावसभावाचा मेसेज आला, "विका याला. लाइकली आहे ना."

त्यानंतरचे दोन महिने तिकडे हीच चर्चा चालू होती. मार्च 2025, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा मोसम. अँड्र्यूज तेव्हा 29 वर्षांचा होता, करारात एकच वर्ष उरलं होतं, आणि त्याला दुसऱ्या संघाला दिलं असतं तर रेव्हन्सच्या 2025 च्या पगार-मर्यादेत साधारण 1 कोटी 10 लाख डॉलर मोकळे झाले असते. 2025 ची एकूण मर्यादा होती 27 कोटी 92 लाख डॉलर. म्हणजे एका माणसामागे सुटणारी रक्कम बारीक नाही. तरीही माझं मत होतं, विकू नका. का, ते सांगतो. पण त्याआधी हा टाइट एंड करतो काय ते बघू.

मैदानावर एका वेळी प्रत्येक संघाचे 11 जण. हल्ला करणाऱ्या संघाच्या मधोमध पाच धिप्पाड माणसं ओळीत उभी असतात. त्यांचं काम अडवणं. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक त्यांच्या मागे. लांब कडेला उभे असतात ते चपळ रिसीव्हर, त्यांचं काम पळून झेल घेणं. टाइट एंड उभा राहतो त्या पाच जणांच्या ओळीला चिकटून, म्हणून 'टाइट'. याने दोन्ही करायचं. एका चालीत समोरच्या सव्वाशे किलोच्या माणसाला अंगावर घेऊन अडवायचं, पुढच्याच चालीत त्याच माणसाला बगल देऊन पळायचं आणि झेल घ्यायचा. प्रतिस्पर्ध्याला ऐन वेळेपर्यंत कळत नाही की हा यावेळी काय करणार. या माणसाची सगळी किंमत त्या न कळण्यात आहे.

दोन्ही कामं उत्तम करणारी माणसं जगात फार थोडी. बाकीचे एकात पक्के आणि दुसऱ्यात जेमतेम. लोक इथेच चुकतात. संघाचा डेप्थ चार्ट, म्हणजे प्रत्येक जागेवर पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण याची यादी, लोक उघडतात आणि नावं मोजतात. "तीन टाइट एंड आहेत, डेप्थ भक्कम." अरे पण तिसऱ्याला झेल येतो का? दुसऱ्याला अडवता येतं का? पहिला पडला तर त्याचं नेमकं कुठलं काम कोण उचलणार? यादीत ते लिहिलेलं नसतं. रेव्हन्सच्या 2018 ते 2024 या सात वर्षांत ते लिहिलेलं आहे.

2018 पासून सुरू करू. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंच्या निवडीत, रेव्हन्सने एकदम दोन टाइट एंड घेतले. पहिल्या फेरीत 25 व्या नंबरवर हेडन हर्स्ट, तिसऱ्या फेरीत 86 व्या नंबरवर मार्क अँड्र्यूज. निवड करणारे होते ओझी न्यूसम, आणि हे गृहस्थ स्वतः क्लीव्हलँडचे टाइट एंड म्हणून हॉल ऑफ फेममध्ये आहेत. म्हणजे या जागेतलं त्यांच्याइतकं कळणारा माणूस शोधून सापडणार नाही. आणि तरीही महाग घेतलेला हर्स्ट दुसरा ठरला, स्वस्तात घेतलेला अँड्र्यूज पहिला. (इंटरव्ह्यूत माणूस ओळखतो असं जे म्हणतात ना, त्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो. ओझी न्यूसमना नाही ओळखता आलं.) पण न्यूसमनी एक केलं, एकावर डाव लावला नाही. दोन घेतले. निक बॉयल आधीपासून होताच.

2019 मध्ये या तिघांनी जे केलं ते बघायला मजा यायची. बॉयल अडवणारा. त्याला झेलही यायचा, पण त्याचं खरं काम घाम गाळायचं. अँड्र्यूज झेल घेणारा. हर्स्ट दोन्हीत मधला. तिघांचे मिळून 125 झेल, 14 टचडाउन. त्यात अँड्र्यूजचे एकट्याचे 64 झेल, 852 यार्ड आणि 10 टचडाउन. आणि गंमत म्हणजे अँड्र्यूज संघाच्या निम्म्याहून कमी चालींत मैदानावर होता! दमलेला माणूस आत ठेवायची गरजच पडत नव्हती. संघाने चेंडू घेऊन पळत 3,296 यार्ड काढले, तो लीगचा विक्रम झाला. साखळीत 14 जिंकले, 2 हरले. क्वार्टरबॅक लामार जॅक्सन होता म्हणून हे झालं, हे खरं आहे. पण लामारच्या आजूबाजूला तीन असे टाइट एंड होते की समोरच्याला कोणाकडे बघावं कळायचं नाही.

आणि मग मार्च 2020 मध्ये रेव्हन्सने हर्स्टला अटलांटाला देऊन टाकलं. बदल्यात मुख्य म्हणजे दुसऱ्या फेरीतली 55 व्या नंबरची निवड मिळाली आणि त्यात त्यांनी जे. के. डॉबिन्स हा धावणारा खेळाडू घेतला.

कागदावर सौदा चांगला. मी स्वतः तेव्हा चांगलाच म्हटला असता. माल गोडाऊनमध्ये पडून आहे, गिऱ्हाईक चांगला भाव देतंय, द्या. हर्स्टलाही जास्त खेळायचं होतं, त्याने अटलांटात त्या वर्षी 56 झेल घेऊन दाखवले. त्यामुळे विकण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या गोष्टीला. विकल्यावर त्याची जागा भरली नाही. यादीत अँड्र्यूज होता, बॉयल होता, दोन नावं होती, पुरे वाटलं.

15 नोव्हेंबर 2020. न्यू इंग्लंडमध्ये धो धो पाऊस, आणि त्यात बॉयलचा गुडघा गेला. तो नंतर परत आला, पण पूर्वीसारखा कधीच खेळला नाही. आठ महिन्यांपूर्वी तीन होते, आता एक. आणि तो एकही झेल घेणारा, अडवणारा नाही. पॅट्रिक रिकार्ड नावाचा एक माणूस संघात होता, मूळचा बचावफळीतला, नंतर अडवण्यासाठी पुढे आणलेला. त्याने बरंच ओढून नेलं. पण तो रिकार्ड, बॉयल नव्हे.

2021 चे आकडे वरवर बघितले तर तुम्ही म्हणाल, काय बिघडलं? अँड्र्यूजने 107 झेल घेतले, 1,361 यार्ड काढले, लीगचा सर्वोत्तम टाइट एंड म्हणून ऑल-प्रो संघात गेला. टाळ्या! पण त्या वर्षी रेव्हन्सच्या दुसऱ्या कुठल्याही टाइट एंडचे 10 झेलसुद्धा नव्हते. संघ 8 जिंकून 9 हरला, शेवटचे सहा सामने सलग हरला. त्याला दुखापतींची मोठी रांग कारण होती, लामारचा घोटाही त्यात आला. टाइट एंडांवर सगळं खापर फोडणं चूक होईल. मला फक्त इतकंच म्हणायचंय की एका माणसाचे 107 हे आकडे बघून मालकाने खूश होण्याआधी एक क्षण घाबरावं.

हे मी इतक्या ठामपणे सांगतोय कारण माझं घाबरायचं राहून गेलं होतं. आमचं दुकान इलेक्ट्रिकल सामानाचं. आमच्याकडे एक जुने कारागीर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा काउंटर सांभाळतात, आणि साइटवर जाऊन पॉइंट मोजून वायरिंगचा अंदाजही काढून देतात. दोन्ही. माझे टाइट एंड म्हणा ना! काही वर्षांपूर्वी ऐन दिवाळीच्या तोंडावर मामा गाडीवरून पडले, पाय प्लास्टरमध्ये, सहा आठवडे घरी. मी निवांत होतो. म्हटलं अजून दोघं आहेत की. आठवड्यात कळलं की एकाला काउंटर येतो पण साइटवर पॉइंट मोजता येत नाहीत, आणि दुसऱ्याला साइट कळते पण भाव पाठ नाहीत, प्रत्येक वस्तूला मला फोन. गिऱ्हाइकासमोर दहा वेळा मालकाला फोन लावणारा माणूस पाठवला की गिऱ्हाईक काय समजायचं ते समजतं. दोन ठेकेदारांची कामं पलीकडच्या गल्लीत गेली. त्यातला एक अजून परत आला नाही. पगारपत्रकावर तीन नावं होती.

तर रेव्हन्स. त्यांना शहाणपण 2022 मध्ये आलं. त्या ड्राफ्टमध्ये त्यांच्याकडे चौथ्या फेरीतल्या सहा निवडी होत्या. त्यातल्या दोन त्यांनी टाइट एंडवर घातल्या. 128 व्या नंबरवर चार्ली कोलार आणि 139 व्या नंबरवर आयझेया लाइकली. पुन्हा जोडी, आणि पुन्हा मागून घेतलेला जास्त चमकला! पण यावेळी दोघे एकसारखे नव्हते. कोलार उंच, दणकट, हळूहळू तो अडवण्याच्या कामात बसला. लाइकली झेल घेण्यात अँड्र्यूजच्या वळणाचा. म्हणजे 2020 मध्ये जी दोन कामं उघडी पडली होती, त्या दोन्ही कामांसाठी एकेक पोरगा.

परीक्षा लवकरच आली. ऑक्टोबर 2022 मध्ये टँपा बेविरुद्ध अँड्र्यूजच्या खांद्याला लागलं, लाइकलीने 6 झेल घेतले, त्यात एक टचडाउन, सामना जिंकला. ही चाचणी परीक्षा. खरी परीक्षा 16 नोव्हेंबर 2023 ला. सिनसिनाटीविरुद्ध पहिल्याच चढाईत अँड्र्यूजचा घोटा गेला. मागून पकडून पायांवर अंग टाकायची ती पकड लीगने पुढच्या वर्षी नियमाने बंद केली. साखळीत अँड्र्यूज परत खेळला नाही. आणि लाइकलीने त्या वर्षीचे त्याचे पाचही टचडाउन त्यानंतरच केले. संघ 13-4 वर संपला.

डेप्थ बघायची असेल तर हे आठवडे बघा. सरावातलं काही सांगू नका मला, जाहिरातीतले व्हिडिओ नकोत. पहिला माणूस नसताना दुसऱ्याने खऱ्या सामन्यात काय केलं? 2020 च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर होतं, कोणी नाही. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर होतं, लाइकली.

आणि याची दुसरी बाजूही बघा, कारण "लाइकली आहे ना, मग अँड्र्यूज कशाला" म्हणणारे ती विसरतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यूजच्या गाडीला अपघात झाला. सीझनची सुरुवात एकदम थंड, पहिल्या चार सामन्यांत मिळून फक्त 6 झेल. तेव्हाही लोक म्हणत होते संपला. संघ मात्र ओरडला नाही, कारण पहिल्याच सामन्यात कॅन्सस सिटीविरुद्ध लाइकलीने 9 झेल आणि 111 यार्ड काढले होते. (त्या सामन्याच्या शेवटच्या चालीत त्याच्या बुटाचं टोक रेषेवर पडलं म्हणून टचडाउन रद्द झाला, तो दिवस मावसभाऊ अजून विसरलेला नाही.) अँड्र्यूजला सावरायला वेळ मिळाला. तो सावरला आणि साखळी संपेपर्यंत 11 टचडाउन, त्याच्या आयुष्यातले सर्वाधिक. लाइकलीचे 6. दोघांचे मिळून 17.

म्हणजे बॅकअप हा फक्त पहिला पडल्यावर कामाला येतो असं नाही. पहिल्याला वाईट महिना काढायची सवलतही तोच देतो. माझ्या व्हिडिओत मी हे बोललोच नव्हतो, खरं सांगायचं तर तेव्हा मला सुचलं नव्हतं.

आता विकण्याचा प्रश्न. अँड्र्यूज गेला असता तर लाइकली पहिला. ठीक, तो तयार होता, त्यावर माझं दुमत नाही. मग लाइकलीचा बॅकअप कोण? कोलार. कोलारचे 2024 मध्ये झेल किती? 9. तो अडवायचा छान, पण लाइकलीचा पाय दुखावला असता तर लाइकलीचं काम तो करू शकला नसता. हा हुबेहूब 2020 चा नकाशा होता. एक झेल घेणारा, एक अडवणारा, एक रिकार्ड, आणि देवाला नमस्कार. हर्स्ट विकला तेव्हा हाच संघ, हाच महिना, हीच भाषा होती, 'आपल्याकडे आहेत की'.

विकणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी होती आणि ती मी टाळणार नाही. वर्षभराने अँड्र्यूजचा करार संपणार होता, तो निघून गेला असता तर हातात रोख काही आलं नसतं. लीगच्या नियमात करार संपून गेलेल्या खेळाडूंच्या बदल्यात पुढच्या ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळू शकते, आणि रेव्हन्स त्यात पटाईत आहेत, पण ती हमी नाही. हा तोटा मी मान्य करतो. जानेवारीतल्या त्या दोन चेंडूंमुळे तेव्हा विकायला निघाले असते तर भावही पडूनच मिळाला असता, हेही तितकंच खरं.

माझ्या मते अँड्र्यूजपेक्षा मोठं दुखणं वेगळंच होतं आणि त्यावर कोणी बोलत नव्हतं. अँड्र्यूजचा करार 2025 च्या सीझननंतर संपणार होता. लाइकलीचा कधी? 2025 नंतर. कोलारचा? तोही 2025 नंतर! दोघे एकाच ड्राफ्टमधले, एकाच मुदतीचे. जोडीने माल घेतला की एक्स्पायरीही जोडीने येते. मार्च 2025 मध्ये तिन्ही जागा भरलेल्या दिसत होत्या आणि पुढच्या मार्चमध्ये तिन्ही एकदम रिकाम्या होऊ शकत होत्या. मी रेव्हन्सच्या जागी असतो तर अँड्र्यूजला त्या वर्षी ठेवला असता, लाइकलीशी नव्या कराराचं बोलणं उन्हाळ्याच्या आत सुरू केलं असतं, त्याचा भाव अजून पहिल्या नंबरचा झालेला नव्हता तोवरच. आणि त्या ड्राफ्टमध्ये मधल्या फेरीत एक टाइट एंड घेतला असता, ज्याच्याकडून त्या वर्षी काहीही अपेक्षा नसती.

ते शेवटचं अवघड असतं, मला माहीत आहे. गरज नसताना पगार चालू करायचा. आमच्याकडे मी आता काउंटरवरच्या पोराला दर मंगळवारी मामांबरोबर साइटवर पाठवतो. मंगळवारी काउंटरवर मी स्वतः उभा राहतो, आणि बायको म्हणते की तुम्ही भाव चुकीचे सांगता. गेल्या मंगळवारी त्याने पहिल्यांदा एकट्याने अख्ख्या फ्लॅटचे पॉइंट मोजले. दोन चुकले. मामांनी गिऱ्हाइकासमोर काही बोलले नाहीत, बाहेर आल्यावर सांगितलं.

2025 चा ड्राफ्ट 24 एप्रिलला ग्रीन बेमध्ये सुरू झाला. मावसभावाशी पैज लागली होती. त्याच्या मते त्याआधी अँड्र्यूज विकला जाणार होता, माझ्या मते नाही. हरलो तर एक किलो कंदी पेढे मेरीलँडला पाठवायचे होते, कुरिअरचा खर्च माझा.